बनोसा : एका स्थानकाची पोथी

मराठी गद्याचा आरंभ ज्या प्रदेशात झाला असे आपण अभिमानाने सांगतो, त्या वऱ्हाडात स्थानांविषयी लिहिण्याची परंपरा फार जुनी आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’ हा तिचा ठळक पुरावा. चक्रधरस्वामी कोणत्या गावी उतरले, तिथले देऊळ कोणत्या दिशेला होते, दार कोणीकडे होते, वस्ती कुठे झाली, याची बारकाईने केलेली नोंद म्हणजे स्थानपोथी. लिहिणाऱ्यांना भविष्यातल्या संशोधकाची चिंता नव्हती. आपल्या दैवताचा पाय जिथे लागला ती जमीन विसरली जाऊ नये, एवढीच त्यांची तळमळ होती. त्या तळमळीतून तेराव्या शतकातील गावांचा, वाटांचा आणि देवळांचा एक विश्वसनीय दस्तऐवज आपल्या हाती आला. भाषेचा आणि समाजाचा अभ्यासक आजही त्याच्याकडे वळतो.

विसाव्या शतकात याच प्रदेशात दुसऱ्या प्रकारची स्थाने उभी राहिली. त्यांना प्रमाण मराठीत ‘स्थानक’ म्हणतात आणि वऱ्हाडी बोलीत ‘टेसन’. त्यांची पोथी मात्र कोणी लिहिली नाही. मूर्तिजापूरहून अचलपूरकडे जाणाऱ्या अरुंद लोहमार्गावरचे बनोसा हे असेच एक स्थानक. गाडी थांबली, तिकीटखिडकी मिटली, मालधक्का ओस पडला. अशा स्थानकाचा इतिहास लिहायचा तर नेमके काय लिहायचे, हा या लेखापुढचा प्रश्न आहे. तो केवळ स्थानिक इतिहासाचा प्रश्न नाही. ज्या घटनेला नायक नाही, लढाई नाही आणि शिलालेखही नाही, तिला आपली भाषा इतिहासात जागा देते की नाही, असाही तो प्रश्न आहे.

नावापासून सुरुवात करू. अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर हे तालुक्याचे ठिकाण. पण रेल्वेच्या वेळापत्रकात दर्यापूर शोधणाऱ्याला ते सापडत नसे. स्थानकाचे नाव बनोसा. दर्यापूरला लागून असलेली ही वस्ती. नगरपालिकेच्या नावातही दोन्ही गावे जोडीने येतात. तहसील, कचेरी, न्यायालय ही सत्तेची ठिकाणे दर्यापूरच्या नावाने ओळखली गेली आणि रेल्वे बनोश्याच्या नावाने. महसुली नकाशा एक नाव सांगतो, रेल्वेचा नकाशा दुसरे. याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाला अचलपूर आहे. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे ‘एलिचपूर’ झाले होते. यवतमाळचे ‘येवतमाळ’ तर मराठी माणसाच्या तोंडी अजूनही अधूनमधून येते. स्थानकाची पाटी ही गावाची ओळख घडवणारी एक स्वतंत्र शक्ती होती. आपल्या गावाचे नाव मोठ्या, ठळक अक्षरांत पहिल्यांदा वाचले ते स्थानकाच्या पाटीवर, असे या पट्ट्यातल्या कित्येक अर्धशिक्षित माणसांच्या बाबतीत घडले असणार.

आता प्रश्न असा, की या मुलखात लोहमार्ग आला का? याचे उत्तर एका शब्दात आहे : कापूस. पण एका शब्दाचे उत्तर पुरेसे नसते. १८५३ या वर्षाकडे जरा बारकाईने पाहावे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. त्यानंतर चारच दिवसांनी, २० एप्रिलला, लॉर्ड डलहौसीने हिंदुस्थानातील रेल्वेविषयीचे आपले प्रसिद्ध टिपण लिहिले. इंग्लंडला कापूस हवा आहे, हिंदुस्थानात तो पिकतो आणि तो बंदरापर्यंत आणण्याची साधने नाहीत, हे त्या टिपणातले एक प्रमुख सूत्र होते. पुढच्याच महिन्यात, २१ मे १८५३ रोजी, निजामाशी करार होऊन वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. पाच आठवड्यांत घडलेल्या या तीन घटना एकाच कटाचे भाग होत्या असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. निजामाकडील थकलेल्या रकमेचा प्रश्न त्यामागे होताच. परंतु रूळ, कापूस आणि वऱ्हाड हे तीन शब्द राज्यकर्त्यांच्या विचारात एकत्र आले ते या काळात, एवढे निश्चित म्हणता येते.

पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिथला कापूस येणे थांबले आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मोठा मार्ग वऱ्हाडातून जाऊन १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. जलंब ते खामगाव हा छोटा फाटा १८७० साली खुला झाला. त्या समारंभासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला होता. हिंदुस्थानचा सर्वोच्च अधिकारी काही मैलांच्या फाट्यासाठी वऱ्हाडातल्या एका बाजारगावी येतो, यावरून त्या बाजाराचे महत्त्व कळावे. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाच्या जातीला ‘ऊमरा’ म्हणत. हे आपल्या अमरावतीचे, म्हणजे उमरावतीचे, झिजलेले रूप. कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्यबाजाराचा कायदा झाला. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांची मुळे तिथपर्यंत जातात. हे कारंजा आपल्या अरुंद मार्गावरचेच एक स्थानक, हे लक्षात ठेवावे.

मोठा मार्ग वऱ्हाडच्या मधून पूर्व-पश्चिम गेला. पण कापूस काही रुळाच्या कडेलाच पिकत नव्हता. उत्तरेला पूर्णेचे खोरे, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर. दक्षिणेला कारंजा, दारव्हा, यवतमाळ. या मुलखातला माल बंडीने मूर्तिजापूरला येई. काळ्या मातीत पावसाळ्यात बंडीचे चाक आसापर्यंत रुतते, हे वऱ्हाडच्या माणसाला सांगावे लागत नाही. मोठ्या मार्गाला दोन्ही बाजूंनी फांद्या फुटणे गरजेचे होते. सरकारला त्यासाठी पैसा घालायचा नव्हता. ते काम खासगी भांडवलाने केले.

मुंबईतील किलिक, निक्सन आणि कंपनी ही १८५७ सालची व्यापारी पेढी. तापी खोऱ्यातील रेल्वेचे व्यवस्थापनही तिच्याकडे होते. या पेढीच्या पुढाकाराने १९१० मध्ये ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी’ स्थापन झाली. मूर्तिजापूर ते यवतमाळ हा ११३ किलोमीटरचा आणि मूर्तिजापूर ते अचलपूर हा ७६ किलोमीटरचा, असे दोन मार्ग मिळून १८९ किलोमीटरचे हे जाळे. पुलगाव ते आर्वी हा तिसरा मार्गही याच कंपनीचा. रुळांमधील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मोठ्या मार्गाची रुंदी साडेपाच फूट. अरुंद मार्ग स्वस्तात होतो. भराव कमी, पूल हलके, वळणे आवळ. कंपनीने रूळ घालायचे आणि गाडी जी. आय. पी. रेल्वेने चालवायची, उत्पन्नातला वाटा कंपनीला मिळायचा, अशी ही व्यवस्था होती.

या स्वस्ताईची किंमत मूर्तिजापूरच्या हमालाने मोजली. अडीच फुटी डबा साडेपाच फुटी रुळावर जाऊ शकत नाही. त्यामुळे अचलपूरहून, अंजनगावहून, बनोश्याहून आलेली प्रत्येक गाठ मूर्तिजापूरला उतरायची आणि दुसऱ्या डब्यात चढायची. रेल्वेच्या तांत्रिक भाषेत हा रुळांच्या रुंदीतला भेद. माणसाच्या भाषेत तो पाठीवरचा बोजा. वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास जिनिंगचे मालक, अडते आणि रॅली, व्होलकार्ट यांसारख्या परदेशी पेढ्या यांच्या नावांनी लिहिता येतो. तो मालधक्क्यावरून लिहायचा तर त्यात नावेच सापडत नाहीत. फक्त वजने सापडतात.

इथे एका लोकप्रिय समजुतीची तपासणी करणे अगत्याचे आहे. या गाडीविषयी लिहिले जाते तेव्हा ‘वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला नेण्यासाठी’ हे वाक्य हमखास येते. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकापुरते ते बरेचसे खरे आहे. पण अरुंद मार्ग आला तोवर काळ पालटला होता. वऱ्हाडी कापसाचा धागा आखूड. लँकेशायरच्या गिरण्यांना लांब धाग्याचा अमेरिकन कापूस पुन्हा मिळू लागला होता. ‘ऊमरा’ जातीचा कापूस आता मुंबईच्या गिरण्यांत, युरोप खंडातील देशांत आणि मोठ्या प्रमाणावर जपानला जात होता. तेव्हा बनोश्याच्या मालधक्क्यावरून निघालेली गाठ मँचेस्टरपेक्षा परळच्या किंवा ओसाकाच्या गिरणीत पोहोचण्याचाच संभव अधिक. मँचेस्टरहून मात्र एक वस्तू निश्चित आली : या मार्गावर सत्तर वर्षे राबलेले वाफेचे इंजिन. १९२१ साली ते मँचेस्टरला तयार झाले, १९२३ मध्ये सेवेत दाखल झाले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. त्याच्या जागी डिझेल इंजिन आले.

ही दुरुस्ती किरकोळ वाटेल. पण तिच्यात एक मुद्दा दडलेला आहे. ‘इंग्रजांनी कापूस नेला’ असे म्हटले, की शोषणाची कथा इंग्रजांबरोबरच संपते. कापूस मुंबईलाही जात होता, त्यावर देशी भांडवलही वाढत होते आणि बनोश्याच्या आसपासचा शेतकरी मात्र सावकाराच्या वहीत तसाच अडकलेला होता, हे मान्य केले की कथा पुढे चालू राहते. इंग्रज गेल्यावर भावाचा प्रश्न सुटला नाही; १९७२ मध्ये राज्य सरकारला एकाधिकार कापूस खरेदी योजना आणावी लागली. आणि एकविसाव्या शतकात याच कापूसपट्ट्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर घेतले गेले. लोहमार्गाने या शेतकऱ्याला जगाच्या बाजाराशी जोडले. जोडले जाणे म्हणजे सावरले जाणे असे नसते, हे त्याला पुढे पिढ्यान्‌पिढ्या अनुभवावे लागले.

लोहमार्ग घालणाऱ्यांनी कापसासाठी रूळ घातले. माणसांनी त्यांचा उपयोग आपापल्या कामांसाठी केला. मूर्तिजापूरहून निघालेली गाडी लाखपुरीला थांबे. लाखपुरी हे पूर्णेकाठचे, महादेवाच्या देवळाचे गाव. पूर्णा ओलांडली की अमरावती जिल्हा. मग लेहगाव, बनोसा, कापूसतळणी, अंजनगाव, पथ्रोट आणि अखेर अचलपूर. या नामावलीत वऱ्हाडचा अर्धा इतिहास येतो. कापूसतळणी हे नावच पिकाची साक्ष देते. अंजनगाव-सुर्जी म्हणजे ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला ते गाव. देवनाथांच्या मठाचे आणि पानमळ्यांचेही गाव. अचलपूर ही इमादशाहीची जुनी राजधानी. तिच्या शेजारी परतवाडा, मेळघाटच्या सागवानाची बाजारपेठ. मैदानातला कापूस आणि डोंगरातले लाकूड हे दोन्ही या रुळांच्या वाटेवर होते.

याच पट्ट्यात गाडगेबाबांचा जन्म झाला. अंजनगाव तालुक्यातील शेंडगाव हे त्यांचे जन्मगाव आणि मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरी हे आजोळ, जिथे त्यांचे बालपण गुरे राखण्यात गेले. जन्मगाव अरुंद मार्गाच्या एका बाजूचे आणि आजोळ दुसऱ्या बाजूचे. पुढे मूर्तिजापूरला त्यांनी धर्मशाळा आणि गोरक्षण उभे केले. धर्मशाळा कुठे बांधावी, याची त्यांची जाण विलक्षण होती. पंढरपूर, नाशिक, आळंदी यांसारखी, जिथे गोरगरीब मोठ्या संख्येने उतरतात आणि ज्यांना कोणी दारात उभे करत नाही, अशी ठिकाणे त्यांनी निवडली. मूर्तिजापूर हे दोन अरुंद मार्ग आणि एक मोठा मार्ग एकत्र येण्याचे ठिकाण. गाडी बदलण्यासाठी रात्र काढावी लागणाऱ्या माणसाला छप्पर काय असते, हे ज्याला कळते त्यालाच धर्मशाळेचे मोल कळते. दलालाला मूर्तिजापूर हे गाठी बदलण्याचे ठिकाण दिसले. बाबांना तिथे माणसे दिसली.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणखी एक नोंद आवडेल. ‘स्मरणगाथा’कार गो. नी. दांडेकर यांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी परतवाड्याचा. म्हणजे कंपनीची स्थापना होऊन सहा वर्षे झाली होती तेव्हाचा. तेराव्या वर्षी घर सोडून निघालेल्या आणि आयुष्यभर भटकलेल्या या लेखकानेच पुढे गाडगे महाराजांचे चरित्र लिहिले. त्यांच्या भटकंतीचे मूळ या रुळांत शोधण्याचा मोह टाळावा, कारण त्याला आधार नाही. एवढेच म्हणावे, की विसाव्या शतकाच्या आरंभी या भागातल्या एखाद्या मुलासाठी ‘जग’ नावाची गोष्ट प्रथमच रुळावरून ये-जा करू लागली होती.

गाडीचे नाव ‘शकुंतला’. कंपनीच्या कागदांतून आलेले हे नाव नव्हे. लोकांनी ते दिले, लोकांनीच रुळवले आणि अखेरीस वृत्तपत्रांनीही तेच स्वीकारले. संस्कृत काव्यशास्त्राने विदर्भाला ‘वैदर्भी’ रीतीचा मान दिला आणि कालिदासाला त्या रीतीचा श्रेष्ठ कवी मानले. त्याच विदर्भातल्या खेडुतांनी आगगाडीला कालिदासाच्या नायिकेचे नाव द्यावे, यात योगायोगापेक्षा अधिक काही नसेलही. पण हाती आलेला योगायोग वापरायला हरकत नसावी. नाटकातल्या शकुंतलेचे दुःख विरहाचे कमी आणि विसरले जाण्याचे अधिक आहे. तिच्याकडे असलेला एकमेव पुरावा, ती अंगठी, तीही हरवते. दरबारात ती खरे बोलत असते, पण तिच्या खरेपणाला कागद नसतो. बंद स्थानकांवर ज्यांचा संसार अवलंबून होता, त्या माणसांची सरकारदरबारी नेमकी हीच अवस्था आहे.

१९२५ मध्ये जी. आय. पी. रेल्वे सरकारच्या ताब्यात आली. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे अस्तित्वात आली. देशातील बहुतेक खासगी लोहमार्ग या प्रवाहात मिसळून गेले. हा अरुंद मार्ग मात्र कंपनीच्याच मालकीचा राहिला. करारानुसार ठरावीक मुदतीनंतर तो विकत घेण्याचा पर्याय सरकारपुढे येत असे, पण तो घेतला गेला नाही. गाडी मध्य रेल्वेची, कर्मचारी मध्य रेल्वेचे आणि रूळ खासगी, अशी विचित्र अवस्था स्वातंत्र्यानंतर अनेक दशके टिकली. यातूनच ‘अजूनही इंग्रजांच्या मालकीची भारतातली एकमेव रेल्वे’ ही कथा जन्मली आणि प्रसारमाध्यमांनी ती चवीने सांगितली. प्रत्यक्षात किलिक निक्सन ही पेढी स्वातंत्र्यानंतर भारतीय हातांत गेली होती. तेव्हा प्रश्न परकीय सत्तेच्या अवशेषाचा नव्हता. तो एका न मिटवलेल्या कराराचा होता.

पण ‘इंग्रजांची गाडी’ ही प्रतिमा सर्वांनाच सोयीची ठरली. पर्यटकाला तिच्यात गंमत दिसली, वार्ताहराला मथळा मिळाला, आणि ज्यांनी निर्णय घ्यायचे त्यांना सबब मिळाली. मालकी दुसऱ्याची म्हणून रेल्वेने मार्गावर मोठा खर्च करायचा नाही आणि दुरुस्ती रेल्वेकडे म्हणून कंपनीने करायची नाही. अशा स्थितीत रूळ झिजतात, मग वेग उतरतो, मग प्रवासी कमी होतात आणि शेवटी प्रवासी कमी आहेत म्हणून गाडी बंद करण्याचा युक्तिवाद तयार होतो. अखेरच्या वर्षांत गाडी इतकी संथ झाली होती, की यवतमाळचे ११३ किलोमीटर काटायला तिला पाच-सहा तास लागत. छोट्या थांब्यांवर स्वतंत्र कर्मचारी उरले नव्हते. गार्डनेच उतरून तिकिटे द्यायची आणि फाटक लावण्या-उघडण्याचे कामही गाडीबरोबरच्या माणसांनी करायचे, असा कारभार चाले. याचे वर्णन करताना लिहिणाऱ्यांच्या शब्दांत कौतुक डोकावते. पण गार्डने तिकीट देणे ही रमणीय गोष्ट नाही. स्थानक आधीच बंद झाले होते आणि गाडी तेवढी यायची होती, एवढाच तिचा अर्थ.

म्हणजे स्थानक एका दिवसात बंद होत नाही. प्रथम माल जातो. वऱ्हाडात रस्ते झाले, मालमोटारी आल्या, गाठ जिनातून थेट मुंबईच्या रस्त्याला लागली आणि मूर्तिजापूरला ती उतरवून पुन्हा चढवण्याचे कारण उरले नाही. मग पैसेवाला प्रवासी एस. टी.कडे आणि पुढे स्वतःच्या दुचाकीकडे वळतो. मग मास्तर जातो, मग खलाशी, मग दिवा. शेवटी उरतो तो ज्याला एस. टी.चे भाडे परवडत नाही असा माणूस. भाजीची टोपली घेऊन तालुक्याला जाणारी बाई, सरकारी दवाखान्यात निघालेला म्हातारा, मजुरीला जाणाऱ्यांचा तांडा. रेल्वेचे तिकीट एस. टी.च्या मानाने फारच थोडे असे. या माणसांसाठी शकुंतला ही आठवण नव्हती, वारसा नव्हता. ती हिशेबातली बचत होती. २०१६ मध्ये या मार्गाच्या रुंदीकरणासाठी सुमारे १,५०० कोटी रुपयांची घोषणा झाली. त्या दशकाच्या उत्तरार्धात दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या. अचलपूर-परतवाड्यापासून यवतमाळपर्यंत निवेदने झाली, सत्याग्रह झाले. घोषणा आणि रूळ यांच्यामधले अंतर मात्र साडेपाच फुटांपेक्षा कितीतरी मोठे निघाले.

याच विभागात स्थानके बंद होण्याचा दुसरा एक प्रकार आहे. त्याच्याशी तुलना केल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. अकोल्याहून अकोटमार्गे खंडव्याला जाणारा मीटरमापी मार्ग मेळघाटच्या जंगलातून जाई. वान रोड, धूळघाट ही त्यावरची स्थानके. धूळघाटजवळ चढ काटण्यासाठी रूळ स्वतःभोवतीच वळसा घेऊन वर जात, हे अभियांत्रिकीचे एक नवल होते. २०१७ च्या आरंभी रुंदीकरणासाठी हा मार्ग बंद झाला. अकोला ते अकोट हा टप्पा मोठ्या मार्गाचा होऊन २०२२ मध्ये तिथे गाडी सुरू झाली. पुढचा प्रश्न मात्र व्याघ्रप्रकल्पाचा होता. मार्ग जंगलाबाहेरून न्यावा, अशी मागणी पर्यावरणप्रेमींनी आणि २०२१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीही केली. धूळघाट बंद होण्यामागे एक विचार आहे. वाघाच्या अधिवासातून वेगवान गाड्या जाऊ नयेत, हा विचार बहुतेकांना पटेल, काहींना पटणार नाही. पण त्यावर वाद झाला, बाजू मांडल्या गेल्या. बनोश्याच्या बाबतीत असा वाद झालाच नाही. ते स्थानक बंद करावे असे कोणी ठरवल्याचे दिसत नाही. ते चालू ठेवावे असे कोणी ठरवले नाही, एवढेच. निर्णयाने झालेले नुकसान आणि अनिर्णयाने झालेले नुकसान यांत फरक असतो. पहिल्याविरुद्ध भांडता येते.

दरम्यान यवतमाळला दुसऱ्या बाजूने मोठी रेल्वे येऊ घातली आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गापैकी वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला झाला. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु नवा मार्ग मोठ्या शहरांना जोडतो. लाखपुरी, लेहगाव, कापूसतळणी यांना त्यात जागा नाही. विकासाच्या नकाशात आता ठिपके कमी आणि रेषा जाड झाल्या आहेत.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. या स्थानकाची पोथी लिहायची ती कशी? माझ्या मते तिला तीन पाने हवीत. पहिले पान कागदाचे. स्थानकांच्या नोंदवह्या, मालाच्या पावत्या, बाजार समित्यांची दप्तरे, जिनिंगच्या वह्या यांचा शोध घ्यावा. हा कागद वाळवीच्या आणि रद्दीवाल्याच्या स्पर्धेत सापडलेला आहे. दुसरे पान भाषेचे. टेसन, मालधक्का, खलाशी, सांधेवाला, गँगमन, फाटकवाला. बंडी, दमणी, गाठ, सरकी. यांतले काही शब्द इंग्रजीतून आले, काही शेतातून, आणि स्थानकावर ते एकमेकांशेजारी उभे राहिले. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने १९६० साली वऱ्हाडी बोलीला कादंबरीत प्रतिष्ठा दिली, या रुळांच्या कडेची बोली अजून वहीतसुद्धा उतरलेली नाही. पदव्युत्तर वर्गातला एक विद्यार्थी एक स्थानक घेईल, तर दोन वर्षांत या मार्गाचा शब्दकोश तयार होईल. तिसरे पान माणसांचे. जे या गाडीत चढले, ज्यांनी तिच्यात गाठी चढवल्या, ज्यांनी फाटके उघडली, त्यांपैकी जुनी माणसे झपाट्याने कमी होत आहेत. त्यांच्याकडून ‘रम्य ते जुने दिवस’ ऐकायला जाऊ नये. तिकीट किती होते, मजुरी किती मिळे, कोणाला कोणत्या डब्यात बसू देत, पाणी कोणत्या माठातले मिळे, हे विचारायला जावे.

शेवटच्या प्रश्नावर जरा थांबायला हवे. रेल्वेने जातिभेद मोडला, असे आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. डब्यात सगळे शेजारी बसले हे खरेच; पण स्थानकावर काय घडत होते? पूर्णाकाठचा हा खारपाणपट्टा. इथल्या विहिरींचे पाणी खारे, गोडे पाणी दुर्मीळ. जिथे पाणीच कमी तिथे ते कोणाला, कोणाच्या हातून आणि किती अंतरावरून मिळे, यावरून समाजाची खरी रचना कळते. वेळापत्रक हे सांगत नाही. फलाटावर तहानलेला राहिलेला माणूस सांगू शकतो. तो नसेल तर त्याचा मुलगा सांगेल. नातवाला मात्र ते ठाऊक असेलच असे नाही, आणि आपल्या वर्गात आता नातू बसलेला आहे.

स्थानपोथी लिहिणाऱ्यांपुढेही हीच निकड होती. पाहिलेली माणसे जात होती, देवळे पडत होती, वाटा बुजत होत्या. म्हणून त्यांनी दिशा, दार आणि अंतर यांची नोंद केली. बनोश्याच्या स्थानकावर कोणतेही दैवत उतरले नाही. कापूस उतरला, चढला, आणि त्याच्याबरोबर हजारो माणसे. त्यांच्या पायांनी झिजलेल्या त्या फलाटाची दिशा, दार आणि अंतर आपण लिहून ठेवायला हवे. रूळ पुढेमागे मोठे होतील, गाडी कदाचित पुन्हा येईलही. तेव्हा येणाऱ्या नव्या स्थानकाला आपल्या जागी आधी काय होते, हे वाचायला मिळावे.